दारातून न निघालेला पेटारा

मित्रांनो, मी एक जुना पेटारा आहे. सागवानी, खोल आणि अंमळ जास्तच रुंद. रंग उडाला आहे, एक बिजागरी कुरकुरते, पण अंगात अजून दम आहे.

मला एका सुताराने घडवलं. कापडाच्या व्यापाऱ्याला तागे ठेवायला पेटारा हवा होता. सुताराच्या शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून त्याने मला घरातल्या पुढच्या खोलीतच जोडलं. व्यापाऱ्याचं माप त्याने तंतोतंत पाळलं. स्वतःच्या दाराचं माप घ्यायचं मात्र राहून गेलं! व्यापारी हातगाडी घेऊन आला. मला आडवं केलं, उभं केलं, कुशीवर वळवलं. एक कोपरा बाहेर गेला की दुसरा अडायचाच. माझे सांधे असे पक्के, की फोडल्याशिवाय सुटणार नाहीत. हातगाडी रिकामीच परत गेली आणि गल्लीभर हसू झालं. सुतार खाली मान घालून बसला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "असू द्या हो. एवढी मोठी वस्तू आपण विकत घेतली असती होय?"

असा मी त्या घरचा झालो. काय दिवस होते ते! माझ्या पोटात साऱ्या घराच्या रजया. लेक माझ्या झाकणावर पालथी पडून अभ्यास करायची आणि लिहिता लिहिता तिथेच झोपायची. सुतार मला न चुकता तेल लावायचा. "बायकोपेक्षा पेटाऱ्याचे लाड जास्त," अशी त्याची बायको कुरकुर करायची आणि फडकं मात्र स्वतःच आणून द्यायची. त्या तेलाचा वास मला अजून आठवतो.

पुढे सुतार आजारी पडला. उपचारांसाठी घर बँकेकडे गहाण ठेवलं. सुतार काही वाचला नाही, कर्ज तेवढं मागे राहिलं. मायलेकींनी शिवणकाम करून हप्ते भरले. मग हप्ते थकले आणि घर बँकेचं झालं. मला तेल लावायचं कुणाला सुचणार? मी धूळ खात पडलो.

गल्लीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या बँकेत खेटे घालत होत्या. "घर तुमचं झालं, कबूल. पण माणसांना तिथेच राहू द्या, त्या भाडं देतील," एवढंच त्यांचं मागणं होतं. बँकेचे साहेब 'बघू' म्हणत राहिले आणि एका सकाळी घर रिकामं करायला माणसं आली. बाई तशाच बँकेकडे धावल्या.

भांडी गेली, खाटा गेल्या, शिलाई मशीन रस्त्यावर गेलं. शेवटी माझी पाळी आली. हमालांना घाम फुटला. मी जागचा हललो, पण दाराबाहेर काही निघेना. मुकादम वैतागला. "कुऱ्हाड आणा रे! फोडा याला!"

तेवढ्यात सुताराच्या बायकोने माझं झाकण उघडलं आणि ती सरळ आत येऊन बसली.

"आता फोडा," ती म्हणाली.

"अहो मावशी, असं काय करता? आमच्या पोटावर पाय येईल."

"मग बसा जरा. दमलात तुम्ही. पाणी आण गं यांना."

लेकीने पाणी आणलं. शेजारीपाजारी दारात जमले. आधी ते हसले, मग कुणालाच हसू येईना. मुकादम कुऱ्हाड टेकवून उंबऱ्यावर बसला. सुताराच्या बायकोने आतून माझी कड किती घट्ट धरली होती, ते फक्त मला कळत होतं.

अखेर बाई खुद्द साहेबांनाच घेऊन आल्या. साहेबांनी रस्त्यावरचं शिलाई मशीन पाहिलं, दारातली गर्दी पाहिली, मग मला पाहिलं.

"मावशी, बाहेर या."

"कुठून? घरातून?"

साहेब म्हणाले, "पेटाऱ्यातून. घरात राहा. भाड्याचं बाईंशी ठरलंय."

त्याच हमालांनी सामान परत आत आणलं. आता लेक भाडं भरते. सुताराने बांधलेल्या घरात त्याचीच माणसं भाडेकरू आहेत, याचं मला वाईट वाटतं. पण रोज संध्याकाळी दिवा लागतो, तो त्यांच्याच हाताने.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण शेजारच्या घरातलं सामान रस्त्यावर येऊ लागलं, तर खिडकी लावून घेऊ नका. जाऊन उभे राहा. मी पडलो लाकूड. मला नुसतं अडून बसता आलं. तुम्हाला तर चालता येतं, बोलता येतं.