आत गेला, बाहेर आला

माझं मशीन खिडकीपाशी आहे. उजेडासाठी, असं मी मास्तरांना सांगितलं होतं. मास्तरांनी एकदा चष्म्यावरून खिडकीबाहेर पाहिलं आणि स्वतःचं मशीन भिंतीकडे ओढून घेतलं. पुढे त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे. नवं काही शिवत नाही आम्ही. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, एवढंच. मास्तर उसवतात, मी शिवते.

रस्त्यापलीकडे निळं दार आहे. पालिकेची पाटी होती 'देखरेख केंद्र', लोक नुसतं 'खोली' म्हणत. नशा करणारी माणसं आपापला माल घेऊन तिथे येत. सिस्टर स्वच्छ सुई देत, समोर बसून राहत, कुणाचा श्वास मंदावला तर औषध टोचून त्याला परत आणत. अर्ध्या तासाने माणूस आपल्या पायांनी बाहेर येई. तीन वर्षांपूर्वी पालिकेने हे प्रयोग म्हणून सुरू केलं होतं.

माझा धाकटा तिथे रोज सकाळी अकराच्या सुमारास यायचा. घरी येत नव्हता. त्याच्या वडिलांनी त्याला दार बंद केलं होतं. वडील गेल्यावर मी कडी काढून ठेवली, पण त्याने दार ढकलून पाहिलं नाही. अंगात नेहमी तेच करडं जॅकेट. त्याची चेन तुटलेली, म्हणून थंडीत दोन्ही बाजू मुठीत धरून चालायचा.

खोली सुरू झाली त्या आठवड्यात मी देवापुढे नेम धरला. उठल्यापासून, तो आत जाऊन बाहेर आलेला दिसेपर्यंत, एक शब्द बोलायचा नाही. आत गेला. बाहेर आला. मग मास्तरांना म्हणायचं, "चहा ठेवू का?" तीन वर्षं माझा दिवसातला पहिला शब्द चहाच होता. "मावशींचं तोंड साडेअकराला उघडतं, बंद व्हायची वेळ मात्र ठरलेली नाही," असं गिऱ्हाइकं माझ्यासमोरच म्हणायची. मी हसायचे. रविवारीही मी दुकान उघडायचे. मास्तरांनी किल्लीच देऊन टाकली होती. दोनदा तो आला नाही. ते दोन्ही दिवस मी निजेपर्यंत गप्प राहिले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आला.

मग निवडणूक झाली. 'नशेचे अड्डे बंद' असं म्हणणारे निवडून आले. ती माणसं वाईट नव्हती. त्यातल्या एकाच्या कोटाची बाही मीच आखूड केली होती, आणि त्यांनी अगदी वाकून आभार मानले होते. त्यांचा पहिला ठराव खोली बंद करण्याचा. त्याआधी वॉर्डातल्या लोकांची सुनावणी, दुपारी बाराला.

आदल्या संध्याकाळी नणंद आली. सुनावणीत म्हणायला तिनेच मला कागदावर नऊ ओळी लिहून दिल्या.

"वहिनी, उद्या तो नेम जरा बाजूला ठेवा."

"सुनावणी बाराला आहे. तो साडेअकराला बाहेर येतो. होतं सगळं."

"आणि उशीर झाला तर?"

"झाला नाही कधी."

"तुमचं म्हणजे ना, देवालासुद्धा घड्याळ लावून बसवलंत."

सकाळी निळ्या दारावर कागद होता. कर्मचारी सुनावणीसाठी गेले आहेत, केंद्र आज बंद. सव्वाअकराला तो आला. कागद वाचला. जॅकेट मुठीत धरून थोडा वेळ उभा राहिला आणि कोपऱ्यावरून वळला. आत गेला नाही. बाहेर आला नाही.

सभागृहात माझा नंबर सत्तेचाळीस होता. नणंद शेजारी बसली. ती दुसऱ्या वॉर्डात राहते, तिला बोलायचा हक्क नव्हता. माझ्या आधी एक आजोबा उठले. त्यांच्या नातीच्या हाताला बागेतल्या वाळूत सुई टोचली होती. बोलताना त्यांची हनुवटी हलत होती. ते खोटं बोलत नव्हते. मग सिस्टर म्हणाल्या, तीन वर्षांत त्या खोलीत एकही माणूस मेला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या जिन्यात मेले ते कुठे धरले?" त्यावरही टाळ्या पडल्या.

माझा नंबर पुकारला. मी माइकपाशी गेले आणि कागद पुढे केला.

"बाई, लेखी मुदत काल संपली," अध्यक्ष म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा. "तोंडी सांगा. दोन मिनिटं आहेत."

मी जोरात मान हलवली. नाही. नाही.

"मान नोंदवता येत नाही हो."

"साहेब, तिचं मौन असतं!" नणंद उभी राहून म्हणाली.

लोक हसले. "मग मौन नोंदवून घ्या!" एकजण म्हणाला.

कारकुनाने नियम वाचला. माइकवर येऊन जो विरोध सांगणार नाही, त्याची ठरावाला संमती धरली जाईल.

शब्द जिभेवर होता. 'विरोध', एवढाच. पण खोली बंद होती. त्या क्षणी तो कुठल्यातरी जिन्यात, कुठल्यातरी संडासात एकटा बसला असणार, समोर सिस्टर नाही, कुणी नाही. बाकी कुठल्याही दिवशी मी नेम मोडला असता. त्या दिवशी माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

घंटा वाजली. मी जागेवर येऊन बसले. "बोलायचं होतं हो, वहिनी," नणंद म्हणाली आणि माझा हात धरून बसली. तिचा हात गरम होता एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. आत गेला, बाहेर आला.

ठराव पालिकेत नऊ विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. माझ्या एका नावाने काही बदललं नसतं. मास्तर हेच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले.

महिनाअखेर खोली बंद झाली. दाराला कुलूप लागलं आणि नियमाप्रमाणे शेजारी ठराव चिकटवला, खाली सुनावणीत संमती देणाऱ्यांची आणि विरोध करणाऱ्यांची नावं.

पहिल्या तारखेला तो अकराला आला. कुलूप हलवून पाहिलं. मग संमतीच्या यादीवरून बोट खाली नेत गेला. बोट एका जागी थांबलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं.

मी खाली गेले. रस्ता ओलांडला. त्याच्या कानामागे केस पांढरे झाले होते. ते खिडकीतून दिसत नव्हतं.

"आई, तुझं नाव आहे यात," तो म्हणाला. रागाने नाही. जणू मला चष्मा सापडत नव्हता आणि तो वाचून दाखवत होता.

आत जायचं नव्हतं, बाहेर यायचं नव्हतं. नेम कुठे सुटतो ते मला कळेना.

"चेन तुटलीय तुझी," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "काढ. दहा मिनिटांत बसवून देते."

त्याने जॅकेट काढून दिलं. आत पातळ सदरा होता.

"वर चल. थंडी आहे."

"नको. इथेच थांबतो."

वर आले तर मास्तरांनी माझ्या मशीनवर करडी चेन काढून ठेवली होती, बरोबर मापाची. ते भिंतीकडे तोंड करून उसवत बसले होते. मी जुनी चेन काढली, टाचण्या लावल्या, एक बाजू शिवली. बाहेर पाहिलं. तो होता. दुसरी बाजू लावली. होता. खालचं टोक पक्कं करून दोरा तोडला आणि पाहिलं. दार, कुलूप, कागद.

मी जॅकेट घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

त्याला सहा आठवडे झाले. नेम चालू आहे. पूर्वी तो साडेअकराला सुटायचा, आता सुटत नाही. गिऱ्हाइकाने कधी मिळेल विचारलं की मी बोटांनी दिवस दाखवते. नवीन कुणी आलं की मास्तर सांगतात, "त्या कामात आहेत."

जॅकेट माझ्या मशीनमागच्या खिळ्याला आहे. न वापरलेली चेन अडकते. म्हणून सकाळी दुकान उघडलं की तिच्यावर मेणबत्ती घासते आणि एकदा वरपर्यंत नेऊन खाली आणते.