अप्पांच्या मोरीवरचा पहारा

मी एक जुना सेन्सर आहे. माणसाची हालचाल टिपणं हे माझं काम. जुना म्हणजे सहा-सात वर्षांचा. पण मित्रांनो, आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं.

कारखान्यातून मी थेट परळच्या एका रुग्णालयात गेलो. खाटेवरचा रुग्ण एकटाच उठू लागला, की मी नर्सबाईंना कळवायचो. तिथे माझं फार कौतुक व्हायचं. पुढे नवे सेन्सर आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. खूप वाईट वाटायचं. शेवटी घरच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेने मला करी रोडच्या चाळीत आणलं.

इथे अप्पा राहतात. अर्धांगवायूने त्यांची जीभ जड झाली आहे, डावा पाय ओढत चालतात. सून सुरुची दिवसभर नोकरीवर. मला मोरीच्या दारावर बसवलं. बराच वेळ घरात हालचाल दिसली नाही, की मी सुरुचीच्या फोनवर निरोप धाडतो.

अप्पा गिरणीतले. दसऱ्याला मागाला हार घातल्याशिवाय पेढा तोंडात टाकायचे नाहीत. यंदा म्हणाले, "हा पण राबतो ना." आणि काठीच्या टोकाने झेंडूचा हार माझ्यावर चढवला. मी फुगून गेलो. दुसऱ्या दिवशी फुलं सुकली आणि घसरून नेमकी माझ्या डोळ्यावर आली. मला काही म्हणजे काही दिसेना. मी नेमाप्रमाणे निरोप धाडला.

सुरुचीच्या लगेच लक्षात आलं. तिने शेजारच्या कालिंदीकाकूंना फोन केला. "काकू, अप्पांचा हार आड आला असणार. जरा बाजूला करता का?"

काकू हार सारायला आल्या आणि पाहतात तर अप्पा मोरीत पडलेले. पाय घसरला होता, हाक मारायला जीभ वळत नव्हती.

"अप्पा, गप रवा. उठाची घाई करू नकात. मी आसंय," काकू म्हणाल्या.

हाड मोडलं नव्हतं. घरी आलेल्या डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा नोकरीवरून परतलेली सुरुची रडता रडता हसली. माझाही जीव भांड्यात पडला. सगळे मलाच शाबासकी देत होते. मी तर आंधळा होऊन बसलो होतो. धावल्या त्या काकू.

म्हणून मित्रांनो, माझी काच पुसत जा, माझ्यापुढे काही टांगू नका. पण माझा निरोप आला, की खरा की खोटा हे लांबून ठरवू नका. कोणीतरी उठून जा. पडलेल्या माणसाला उचलायला मला हात नाहीत.