चष्म्याचा बडग्या

“काका, चष्मा विसरू नका. अन् डाव्या गालावर तीळ,” हर्षित फाटकातून परत मागे फिरून म्हणाला.

मधुकररावांच्या हातातली बांबूची कामटी तिथेच थांबली. वस्तीतल्या मंडळाचा हा पुढारी मारबतीच्या मिरवणुकीसाठी बडग्या सांगायला आला होता. बडग्या म्हणजे कागदाचा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत या बाईच्या पुतळ्याबरोबर मिरवायचा आणि जाळायचा, म्हणजे गावाची पीडा जाते. कधी महागाईचा, कधी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. यंदा पोरांना काळभुंगा हवा होता. कॉमिकमधला खलनायक, त्याचा नवा सिनेमा नुकताच आला होता.

संशय घ्यायची मधुकररावांना जुनी खोड. दूधवाल्यावर, गॅसवाल्यावर, बायकोच्या माहेरच्यांवर तर फारच. ह्यांना देवळातला प्रसादही हुंगून पाहावा लागतो, असं शोभाताई म्हणत. बहुतेक शंका फुसक्याच निघत. पण हा चष्मा काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

दुपारी जेवणं आटोपल्यावर नवराबायको मोबाइल डब्याला टेकवून बसले. आधी काळभुंग्याचा जुना सिनेमा पाहिला, मग नवा.

“जुना काळभुंगा बरा होता बाप्पा,” शोभाताई म्हणाल्या. “हिरवे दात, खदाखदा हसणं. दुरूनच समजे. हा नवा त मायसाठी रडून राहिला. मलेच रडू येऊन राहिलं.”

“अन् हिरो पाहा वं. जुना छाती काढून खरं बोले. हा गोड हसते अन् खोटं बोलते. याले मी घरात नाही घेणार.”

“तुम्ही कोणाले घेता?”

मधुकरराव हसले नाहीत. “पण चष्मा कुठं आहे? जुन्यात नाही, नव्यात नाही. तीळ बी नाही.”

उत्तर संध्याकाळी दारावरूनच चालत गेलं. कोपऱ्यावरच्या घरातला अंकित औषधांची पिशवी घेऊन परतत होता. चष्मा पुसायला तो थांबला, आणि डाव्या गालावरचा तीळ दिसला. मागच्या गणपतीत त्याच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्याने डीजे बंद करायला पोलीस बोलावले होते. हर्षित तेव्हापासून धुमसत होता. आता त्या माऊलीच्या डोळ्यांदेखत तिच्याच मुलाचा पुतळा दारावरून मिरवायचा आणि नेऊन जाळायचा, असा बेत होता तर! ही एक शंका तरी खोटी निघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी हर्षित आला तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, “हा चष्मा कोण्या पिक्चरातला आहे गा?”

हर्षित नव्या हिरोसारखा गोड हसला. “काहून डोकं लावता काका? नाही जमत त दुसऱ्याकडून करून घेतो.”

म्हणजे नाही म्हणण्यातही अर्थ नव्हता.

“जमते न,” मधुकरराव म्हणाले. “पण मी बडग्या झाकूनच देतो, तुले माहीत आहे. गल्लीत वाजतगाजत आला का मंगच उघडजो.”

मारबतीच्या सकाळी ढोलताशे नेमके अंकितच्या दाराशी येऊन थांबले. हर्षितने ऐटीत कापड ओढलं. काळभुंग्याचा काळा कोट होता, हिरवे दातही होते, पण त्यातला पुढचा एक गायब होता. वर पांढऱ्या झुपकेदार मिशा, आणि डोक्यावर कळकट गांधी टोपी. क्षणभर कुणालाच उमगेना. मग गल्ली हसत सुटली.

“अबे, हे त मधुकरकाका!”

हर्षितचा चेहरा उतरला, पण एवढ्या हसणाऱ्या गर्दीत त्यालाही दात काढावे लागले. फाटकाशी अंकित आईला धरून उभा होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काय काका, स्वतःचाच बडग्या? कोणाची पीडा नेऊन राहिले?”

“घरचीच आहे गा,” मधुकरराव म्हणाले.

शेवटी पुतळा पेटला. “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” लोक ओरडत होते. मधुकररावही ओरडले. मिशा आधी गेल्या, मग टोपी. टोपी तेवढी खरी होती, त्यांची रोजची.

शोभाताई ओरडल्या नाहीत. राख उडून येऊ लागली, तेव्हा त्यांनी आपला पदर नवऱ्याच्या उघड्या डोक्यावर धरला.