एकशे एकोणतिसावं पान

त्या वाचनालयात नव्या कादंबऱ्यांची शिफारस करायचा मक्ता वाचाचसरांकडे होता. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नवी कादंबरी आली रे आली की ते तिच्यावर एक पिवळी चिठ्ठी डकवायचे, तिच्यावर "वाचाच!" असं लिहायचे आणि खाली मजकुराच्या तिप्पट मोठी सही ठोकायचे. निवृत्त प्राध्यापक, पुस्तक निवड समितीचे अध्यक्ष, गळ्यात दोरीने लटकणारा चष्मा. तो चष्मा नाकावर चढलेला तोफेने तरी आजवर पाहिला नव्हता.

तोफ म्हणजे दहावीतली एक मुलगी. ती बोलायला लागली की समोरच्याने आडोसा शोधावा, म्हणून घरात हे नाव पडलेलं. आज मात्र ती मुकाट आत्यामागून चालत होती, कारण आत्या आपलं सभासदत्व बंद करायला निघाली होती.

आत्या! बत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती आणि आठवड्याला दोन कादंबऱ्या फस्त करायची. पण या आठवड्यात तिने जेवणाच्या टेबलावर पुस्तक मिटलं आणि सांगून टाकलं, "माझं डोकं आता चालत नाही. काल वाचलेलंच आज पुन्हा वाचते. गोष्टीतला बाप मेला, तो कधी मेला तेही आठवत नाही."

तिच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी पुस्तकातली खूण चुकायची, मग घराचा रस्ता, मग माणसं.

"बंद कशाला करता?" ग्रंथपालबाई टेबलामागून कळवळून म्हणाल्या.

"झेपत नाही हो. तेच तेच पुन्हा येतंय असं वाटतं."

झालं! शेजारच्या खुर्चीतल्या वाचाचसरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि तोफेच्या हातातल्या, आपलीच पिवळी चिठ्ठी मिरवणाऱ्या कादंबरीकडे बोट दाखवलं.

"ताई, तीच तर या कादंबरीची ताकद! काळाची चक्राकार रचना. मी दोनदा वाचली. पण हे पेलायला वाचकही तयारीचा लागतो. तुम्ही आपलं हलकंफुलकं काहीतरी न्या."

आत्याने मान खाली घातली. ज्या बाईने भल्या भल्या डॉक्टरांना हात धुवायला परत पाठवलं, ती या माणसासमोर मान खाली घालते! तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिने हातातली कादंबरी उघडली. आत्याची खूण, बँडेजची एक पट्टी, अजून आतच होती. पान एकशे अठ्ठावीस. पुढचं पान एकशे तेरा.

तिने डोळे चोळले. मागे गेली, पुढे आली. एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस दोनदा, आणि त्यानंतर थेट एकशे पंचेचाळीस. मधली सोळा पानं बाइंडरने गिळली होती.

"सर," तोफ गोडात गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही दोनदा वाचलीत ना? मग बाप कसा मरतो?"

"अं... ते सांगण्यापेक्षा अनुभवण्याची गोष्ट आहे."

"आणि पानांचे आकडेसुद्धा चक्राकार आहेत, तेही अनुभवायचं का?"

तिने पुस्तक टेबलावर उताणं केलं. ग्रंथपालबाईंनी वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. सर म्हणाले, "ही प्रत सदोष दिसते. माझ्याकडची तशी नाही."

"बघू की मग," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि महिनाभर सरांकडे असलेली दुसरी प्रत त्यांच्या पिशवीतून स्वतःच ओढून काढली. मधोमध उघडली, तशी तिची पाठ कडकड मोडली. आजवर एकदाही न उघडलेल्या पुस्तकाची मोडते, तशीच. शांत वाचनकक्षात तो आवाज कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रवाल्या आजोबांपर्यंत गेला. सरांनी घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. काय उपयोग?

तोफेच्या जिभेवर अजून दहा गोळे तयार होते. पण आत्याचं सरांकडे लक्षच नव्हतं. ती बोटाने आकडे मोजत होती. एकशे तेरा, एकशे चौदा... मोजणं संपलं तशी तिने मान वर केली.

"म्हणजे मी दोनदा वाचलं, कारण ते दोनदा आहे," ती हळूच म्हणाली.

"दोनदाच आहे, आत्या!"

मग तिने दुसरी प्रत घेतली, एकशे एकोणतिसावं पान काढलं आणि तिथेच उभ्याने सगळी सोळा पानं वाचली. कुणाची खुर्चीवरून उठायची हिंमत झाली नाही. सरांची तर नाहीच.

"कसा मेला गं?" तोफेला राहवेना.

"न्यूमोनिया," आत्या म्हणाली, आणि तिच्या कपाळावर ती जुनी, वॉर्डातली आठी उमटली. "पण हे इंजेक्शन चुकलंय. पान एकशे अठ्ठावीसवर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगितलीय, आणि एकशे छत्तीसवर तेच टोचलंय! कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

तिने सरांकडे पाहिलंही नाही. ग्रंथपालबाईंचं पेन उचललं आणि पिवळ्या चिठ्ठीवर, त्या अवाढव्य सहीच्या खाली, औषधाच्या तक्त्यावर लिहावं तशा बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं, "पानं मोजून."

"आणि हो," ती म्हणाली, "आणखी दोन द्या. चिठ्ठी नसलेल्या."