पाणबुडीचा निकाल

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि सध्या रत्नागिरीच्या मांडवीला कोंबड्यांच्या एका खुराड्याचं दार म्हणून दिवस काढतो आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. मला त्याचं काही नाही. पण गेले पाच दिवस मला एका जागी उभं राहवत नाही. वारा नसला तरी माझी बिजागरी करकरते आणि कोंबड्या दचकून उठतात. पाच दिवसांपूर्वी माझ्या पाठीवर खडूने एक ओळ लिहिली गेली आणि तिच्यापुढचं अजून लिहायचं राहिलं आहे. ते पुढचं काय असेल, या विचाराने माझ्या शिरा तडतडत आहेत. ती ओळ सांगेन, पण त्याआधी मागचं ऐकावं लागेल.

मी फणसाच्या लाकडाचा. भागोजी सुताराने तीन फळ्या अशा जोडल्या की सांध्यात नख जाऊ नये. शाळेतली मुलं दर वर्षी जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला चोळत, म्हणजे खडू नीट धरायचा. सोळा वर्षं मी चौथीच्या वर्गात होतो. एकदा मास्तरांनी माझ्यावर लिहिलं, अंजनवेल, तालुका दापोली. साफ चूक! अंजनवेल गुहागरात. पण मास्तरांना सांगणार कोण? चाळीस वह्यांमध्ये अंजनवेल दापोलीत जाऊन बसलं आणि वर त्या वह्यांवर लाल शाईने बरोबरची खूण झाली. फळ्यावर आलं म्हणजे खरंच, असं मानणारी माणसं मी तेव्हापासून ओळखून आहे. त्यांचा मला राग येतो, आणि लिहिणाऱ्यांचा त्याहून जास्त.

पुढे शाळेत सिमेंटचा फळा झाला आणि मला अडगळीत टाकलं. तिथून १९८४ साली मला दत्तात्रेयने उचललं. सगळे त्याला दत्ताभाऊ म्हणत. मुंबईहून पाच मशीनं आणून त्याने मांडवीच्या रस्त्याला व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. मला दाराबाहेर टांगलं. कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, एवढंच माझ्यावर लिहायचं ठरलं होतं.

लिहायला विमला होती. वय वीस-बावीस, मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास, आणि जीभ विळीच्या पात्यासारखी. गल्ल्यावर बसून टोकन द्यायची. सकाळी दुकान उघडलं की प्रत्येक मशीन एकदा खेळून तपासायचं, हेही तिचंच काम. रोज तपासता तपासता तिचा हात असा बसला की मोठमोठे बाप्ये तिच्या मागे उभे राहून बघायचे आणि आपण बघत नव्हतो असं दाखवायचे.

मशीनांवरची इंग्रजी नावं कोणी वाचायचं नाही. आमच्याकडे टोळधाड होती, गोगलगाय होती, विमानवाला होता. एक दिवस विमलाने लिहिलं, “गोगलगाय चालू.” मग थांबली, खडू दातांत धरून विचार केला आणि पुढे लिहिलं, “चालू आहे, पण तिसऱ्या फेरीनंतर तेच तेच. बनवणाऱ्याला झोप आली असावी.”

मित्रांनो, त्या दिवशी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा जागा झालो.

भिकाजी नावाचे कोर्टातले निवृत्त पट्टेवाले रोज संध्याकाळी समोरून जायचे. कोर्टात पुकारा करण्यात जन्म गेलेला, त्यामुळे मनातल्या मनात वाचणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी खणखणीत आवाजात ते वाचलं.

“काय गो विमल, मालकाच्या मशीनला नावं ठेवतंस?”

“मशीनला नाही आजोबा, खेळाला.”

“आणि मालक काय म्हणतो?”

“मालक खेळतात कुठे? त्यांना काय कळतंय!”

दत्ताभाऊ आतून ऐकत होता. रागावला नाही. कारण विमला म्हणते तितका खेळ वाईट आहे का, हे बघायला त्या दिवशी गोगलगायीसमोर रांग लागली.

तेव्हापासून नवीन मशीन आलं की विमला निकाल द्यायची. लोक ‘निकाल’च म्हणायचे, भिकाजींच्या कोर्टामुळे. तिने दोन नियम घातले होते. पहिला, आठ दिवस खेळल्याशिवाय निकाल नाही. दुसरा, निकाल ज्याला पटणार नाही त्याने खालच्या कोपऱ्यातला खडू घ्यावा आणि आपलं म्हणणं लिहावं. कोणीही. टोळधाडीला तिने चांगलं म्हटलं, तेव्हा खाली एका बागायतदाराने लिहिलं, “टोळ असे रांगेत येत नाहीत.” विमलाने त्याखाली लिहिलं, “टोळांवर गोळ्या झाडणारेही तुमच्या बागेत येत नाहीत, म्हणून खेळ वाईट ठरतो का?” आठवडाभर मांडवीत तेच चाललं होतं. माझ्यावर भांडणं झाली, पुसली गेली, परत झाली. ते माझे खरे दिवस.

आता पाणबुडीकडे येतो.

१९८६ चा एप्रिल संपत आला होता. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हा दुकानाची चांदी. दत्ताभाऊने मुंबईहून एक नवंकोरं मशीन मागवलं. निळा पडदा, समुद्राचा तळ, आणि त्यात एक छोटी पाणबुडी. ट्रकमधून उतरवताना तो जातीने पुढे उभा होता, जशी काही नवरी उतरते आहे. आत नेऊन, दार अर्धवट लोटून, मागची झडप उघडून तो बराच वेळ काहीतरी करत बसला.

दुसऱ्या दिवशी विमलाला म्हणाला, “उद्याच लिहून टाक. चार ओळी. चांगल्या.”

“आठ दिवस झाले नाहीत, भाऊ.”

“आठ दिवसांनी अर्धे चाकरमानी परत जातील. तुझं शास्त्र तेव्हा कोणाला सांगतेस?”

विमला खेळली. पंचवीस-तीस मोजेपर्यंत समोरून सुटणारे बाण लागून पाणबुडी फुटली. पुन्हा खेळली, पुन्हा फुटली. दिवसभरात एकदाही ती पहिल्या खडकापलीकडे गेली नाही. विमलासारखी खेळणारी! तिचे कान लाल झाले. एक तर खेळाने हरवलं, त्यावर मालकाने चांगलं लिहायचा हुकूम सोडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर आली ती तणतणतच. खडू असा दाबला की दोनदा मोडला.

“पाणबुडी. हा खेळ नाही, फसवणूक आहे. सुरू होण्याआधी संपतो. ज्याने बनवला त्याला खेळणाऱ्या माणसाचा तिटकारा असावा. खेळू नये.”

मला तेव्हाच खुपलं. आठ दिवसांचा नियम तिचा आणि मोडला तिनेच. पण फळ्याला तोंड नसतं. अंजनवेल दापोलीत जाताना मी जसा गप्प होतो तसाच गप्प राहिलो.

भिकाजींनी पुकारा केला. मशीन ओस पडलं. दत्ताभाऊ दिवसभर नुसता आतबाहेर करत राहिला.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी रामा आला. हा मांडवीचाच, मुंबईला गोदीत कामाला, विमलाच्या आळीतला. पिशवी खांद्यावरच होती, घरीसुद्धा गेला नव्हता. माझ्यावरचं वाचलं आणि फसकन हसला.

“जल्ला मेला तुजा निकाल! विमलताय, हाताला लकवा भरला काय? ह्याच खेळावर मुंबयला माजगावात मी पाऊण तास काढलाय.”

“थापा नको मारू, रामा.”

“तुज्या गळ्याशपथ! पुढे देवमासा येतो, त्याच्या पोटाखालनं जायचा असता. बघितलंस काय तू देवमासा?”

रामाने कोपऱ्यातला खडू उचलला आणि तिच्या निकालाखाली एकच शब्द लिहिला, “खोटं.”

मग टोकन घेऊन ऐटीत आत गेला. पंचवीस-तीस मोजेपर्यंत बाहेर आला. चेहरा उतरलेला.

“हा तो खेळ नव्हं,” तो म्हणाला. “दिसता तोच, पण तो नव्हं. तिकडे बाण असे धावत नायत.”

आता दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बघ, मीच बरोबर. विमला तसं म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ यायच्या आत तिने किल्ल्या घेतल्या आणि मशीनची मागची झडप उघडली. दार उघडं होतं, मला आतलं सगळं दिसत होतं. आत नखाएवढ्या पांढऱ्या बटणांची एक रांग होती. बाजूला कागद चिकटवलेला, इंग्रजी. त्यातले दोन शब्द तिला लागले, इझी आणि हार्ड. इंग्रजीत दोनदा नापास झालेल्या मुलीला हार्ड कळायला मास्तर लागत नाही. सगळी बटणं हार्डच्या बाजूला सारलेली होती. झडपेच्या आत ट्रकच्या प्रवासाची धूळ, आणि धुळीत दत्ताभाऊच्या बोटांचे ठसे.

तिने बटणं मध्यावर आणली आणि खेळायला बसली. पहिला खडक गेला. दुसरा गेला. मग पडद्यावरचा निळा रंग गडद होत गेला, माशांचे थवे आले, आणि त्यामागून सावकाश, घाई नसलेला, देवमासा आला. विमलाचे हात चालू होते पण डोळे भरले होते. इतका सुंदर खेळ, आणि आपण त्याला काय लिहून बसलो!

दत्ताभाऊ दारात उभा होता.

“कळलं वाटतं,” तो म्हणाला.

“भाऊ, तुम्ही केलंत हे?”

“अगो, धंदा आहे! खेळ लवकर संपला की पुढचा गडी लवकर येतो. मुंबईत सगळे करतात.”

“मग मला सांगायचं होतंत. मी बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?”

“तो काय तुझा फळा वाचायला येणार आहे? हे बघ, तुझं चुकलं ना? मग लिही की चुकलं. ‘माझी चूक झाली, खेळ उत्तम आहे.’ एवढंच. तुझा शब्द राहील, माझं मशीन चालेल.”

“आणि बटणं?”

“बटणं माझी. दुकान माझं. फळासुद्धा माझा, विसरू नकोस.” मग जरा नरमला. “विमल, घरी आई आजारी आहे तुझी. उगाच तोंड वाजवून कामाला मुकू नकोस.”

बघा मित्रांनो, किती हुशार माणूस! त्याने सांगितलेल्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चूक झाली हे खरं, खेळ उत्तम हेही खरं. ती लिहून मोकळी झाली असती तर तिला कोणी खोटारडी म्हटलं नसतं. अर्धं खरं हे असंच असतं, अंगाला लागत नाही आणि धुतलं जात नाही.

विमला बाहेर आली. कोरड्या फडक्याने मला वरपासून खालपर्यंत पुसलं. फक्त रामाचं ‘खोटं’ ठेवलं. त्याच्या वर लिहिलं,

“पाणबुडीचा निकाल मी एका दिवसात दिला. माझा नियम मीच मोडला. मी चुकले. खेळ उत्तम आहे, विशेषतः देवमासा. पण या दुकानात तो मुद्दाम कठीण करून ठेवतात. मशीनच्या मागे बटणं आहेत. खेळण्याआधी मालकाला विचारा, बटणं कुठल्या बाजूला आहेत?”

खाली पूर्ण नाव घातलं. किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि कोणी हाकलायच्या आधी घरी गेली.

संध्याकाळी भिकाजींनी वाचलं. एकदा नाही, तीनदा पुकारा केला, कोर्टात पक्षकाराला करतात तसा. चाकरमान्यांचा घोळका जमला आणि जो तो आत डोकावून विचारू लागला, “ओ भाऊ, बटणं खंयच्या बाजूला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताभाऊ तेलरंगाचा डबा घेऊन आला. पिवळा रंग. माझ्या तोंडावर त्याने सपासप दोन हात मारले आणि वाळल्यावर लाल अक्षरांत लिहवून घेतलं, “पाणबुडी! रत्नागिरीत प्रथमच! अप्रतिम!”

तेलरंग लागला की फळा मेला. खडू त्यावर घसरतो. भिकाजी पहिल्या दिवशी आले, अप्रतिम म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी आले, तेच वाचलं. तिसऱ्या दिवशी न थांबता पुढे गेले. जे पुसता येत नाही ते कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. गणपतीत नवीन मशीन आलं तरी माझ्या तोंडावर पाणबुडीच. लोक येत होते, खेळत होते, पण माझ्यासमोर भांडायला कोणी उभं राहत नव्हतं. दोन वर्षांनी दुकान उठलं. मशीनं मुंबईला परत गेली, मी गटाराशेजारी पडलो.

तिथून मला विमलाने नेलं. ती आता काजूच्या कारखान्यात जाते. जांभ्या दगडाच्या तुकड्याने तिने माझ्या तोंडावरचा रंग घासून बघितला. निघाला नाही. मग मला खुराड्याला लावलं, रंगवलेली बाजू आत. कोंबड्यांनी चोच मारून मारून ‘अप्रतिम’मधला ‘अप्र’ खाऊन टाकला आहे. त्यांना मी दोष देत नाही.

आणि पाच दिवसांपूर्वी रामा गावी आला. मुंबईहून एक इवलासा खेळ घेऊन, तळहातावर मावणारा, दोन बटणांचा. त्यात एक माणूस टोपलीत मासे झेलतो. आळीतली मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. पण रामा तो खेळ घेऊन सरळ विमलाच्या अंगणात आला.

“बघ गो आणि सांग, बरा हाय काय?”

“मला काय विचारतोस? माझं एकदा चुकलंय, तूच दाखवलंस.”

“म्हणून तर तुलाच इचारतंय,” रामा म्हणाला. “बाकी कोण आपलं चुकलं म्हणून लिवतंय?”

विमलाने घरात जाऊन विजेरीचे जुने सेल आणले आणि पाट्यावर फोडले. मला बिजागरीतून काढलं. माझ्या पाठीला जन्मात कधी रंग लागला नव्हता. तिथे तिने काळी पूड पाल्याच्या रसात कालवून चोळली, शाळेत चोळत तशी. उन्हात वाळवलं. मग पाठ बाहेर करून मला परत टांगलं आणि खडूने लिहिलं,

“माशांचा खेळ. आठ दिवसांनी सांगेन.”

मित्रांनो, मला पुसायचं तर कोरड्या फडक्याने पुसा, ओला हात लावू नका. तेलरंग तर दुरूनही दाखवू नका. आणि माझ्यावरचं पटलं नाही तर ‘खोटं’ म्हणून खाली लिहा. मला त्याने इजा होत नाही, मी त्यासाठीच आहे. खालच्या कोपऱ्यात तिने खडूचा तुकडा ठेवला आहे. आज पाचवा दिवस.