आरशातला डावखुरा

वहिनीच्या शिलाई मशीनचं तोंड भिंतीकडे. त्या भिंतीवर गिऱ्हाइकांचा उंच आरसा, आणि तिच्या पाठीमागे टीव्ही. मी टीव्हीसमोर बसून काजं-बटणं करते. मशीन खडखडतं, मी आवाज चढवते आणि तिला सिनेमा सांगते. दादा गेल्यापासून आमचं हे असंच.

मला सिनेमातलं फारसं कळत नाही, पण जीव मात्र अडकतो. एका सिनेमात एक म्हातारा नुसती भिंत रंगवतो. एवढंच! मी त्यात इतकी रंगले की बाहीचं बटण कॉलरला टाचलं. दुसऱ्यात एक बाई रडू आवरत पातेलं घासते. काय घासते! तिच्या वाटचं मी रडले.

शेवट तेवढे मी बदलते. एकात नावाडी बुडाला, मी त्याला पोहत घरी आणला. वहिनीला आणखी एक मरण कशाला सांगायचं?

दूरच्या गावच्या छापखानेवाल्याने मला मागणी घातली आहे. हसरा आहे. मनात भरलाय. तरी आज म्हटलं, "वहिनी, नकार कळवते. मी गेल्यावर तुला सिनेमा कोण सांगणार?"

"वन्सं, काहीतरीच तुमचं! काय चाललंय ते सांगा."

पडद्यावर फलाटावर उभा राहून एकजण व्हायोलिन वाजवत होता. "काय वाजवतो गं! सूर नुसता ओघळतोय."

"आणि डावखुरा असून," वहिनी म्हणाली.

"डावखुरा? उजव्या हाताने वाजवतोय की."

मशीन थांबलं. मी वळून आरशाकडे पाहिलं. तिथे तो खरंच डाव्या हाताने वाजवत होता.

"अगंबाई!" वहिनीने जीभ चावली. "मला वाटायचं, सिनेमात डावखुऱ्यांनाच घेतात!"

"म्हणजे तो नावाडी..."

"बुडाला. पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"आरशातला बुडाला, वन्सं. तुमचा ओल्या कपड्यांनी दारात आला. मला दोन्ही हवे होते." तिने दोरा तोडला. "बघायचं ते मी बघेन. शेवट तुम्ही तिकडून फोनवर सांगा. आता होकार कळवा बघू, ते थांबले असतील."

मी फोन उचलला, बोलले, ठेवला. कान तापले होते.

फलाटावरून गाडी सुटली होती, व्हायोलिनवाला मागेच उभा होता. वहिनी आरशात बघत होती.

"चुकली का हो त्याची गाडी?"

"कुठली चुकते!" मी डोळे पुसले. "तो बघ, खिडकीपाशी बसलाय."