हामानासुच्या फटी

उत्तर जपानातल्या आमच्या ओतारूत वसंत आधी कॅलेंडरवर येतो, धक्क्यावर यायला त्याला जाम उशीर. एप्रिल उजाडला तरी आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या दारात कमरेएवढा बर्फाचा ढीग. आधी तो फावड्यानं उपसायचा, मग स्टोव्हची नळी झाडायची, कुबट झालेल्या गाद्या कठड्यावर उन्हात टाकायच्या, तरंगत्या जेट्टीच्या साखळ्या ओढून बघायच्या. हे सगळं माझ्याकडे. पूर्वी मी माकुळ पकडायला जायचो. कंबर गेली, तेव्हापासून क्लबची किल्ली माझ्या खिशात.

आमचा क्लब म्हणजे काही श्रीमंतांचा अड्डा नव्हे. स्वतःची क्रेनसुद्धा नाही. वसंतात एक दिवस भाड्याची येते, सगळ्या होड्या पाण्यात सोडते आणि जाते. परत येते ती थेट पानगळीत, होड्या बाहेर काढायला. वसंतातल्या त्या दिवशी जी राहिली ती राहिली.

किनुएसानची होडी, हामानासु, तेवढी लाकडाची, बाकी सगळ्या प्लास्टिकच्या. बाई चौऱ्याहत्तरची. अर्ध्या क्लबाला शीड चढवायला हिनंच शिकवलं, शिव्या देत देत. यंदा फेब्रुवारीत बर्फ उपसताना पडली आणि उजवं मनगट मोडून बसली. होडी हिवाळाभर कोरड्या शेडमध्ये. लाकूड सुकलं, आक्रसलं, फळ्यांमधल्या फटींत नख जाईल एवढी जागा झाली.

ते बघून आमच्या क्लबातला तोमाबेची धास्तावला. हा नूडल्सचं दुकान चालवतो. माणूस सोन्यासारखा, घाई मात्र फार. किनुएसान यायच्या आत होडी तयार करून तिला चकित करायचं, हे त्यानं मनात घेतलं. दोन डब्यांतलं कालवून दगडासारखं घट्ट होतं ना, ते इपॉक्सी त्यानं सगळ्या फटींत भरलं. वरून घासलं, रंग मारला. होडी अशी चमकायला लागली की बघावं. मी तेव्हा मुलीकडे साप्पोरोला होतो, नाहीतर त्याचा कान धरला असता. लाकूड पाण्यात गेलं की फुगतं. फुगायला जागाच ठेवली नाही, तर फळ्या एकमेकींना ढकलतात आणि आतल्या बरगड्या कडाकड मोडतात.

किनुएसान आली. होडीभोवती फिरली. "रंग छान दिलास, तोमा," म्हणाली. मग फटीवर बोट ठेवलं, नखानं टोकरून बघितलं. क्रेन आठवड्यावर आली होती.

तोमाबेचीला काही सांगावं लागलं नाही, तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिथंच चिखलात गुडघे टेकून त्यानं कपाळ जमिनीला लावलं. "किनुएसान, मी तुमची होडी मारली!"

"ऊठ रे. तुझ्या कपाळानं फट उघडणार आहे का? छिन्नी आण."

"अख्खा तळ आहे. आठवड्यात कसं व्हायचं?"

"नाही झालं तर ही अख्खा उन्हाळाही कोरडी पडेल. मग हिच्या फळ्या पुन्हा जुळायच्या नाहीत, आणि वर्षभर थांबायला मी काही तरुण नाही. बोलत बसू नकोस."

काय सांगू तुम्हाला! उजव्या हाताला जोर नाही, म्हणून डाव्या हातात छिन्नी घेऊन ती पाठीवर पडली, होडीच्या खाली. एकदाही त्याला घालूनपाडून बोलली नाही. उलट तो स्वतःच मारलेला रंग खरवडताना हळहळला की म्हणायची, "अरे, मासे नाराज होतील, त्यांना सांग पुढच्या वर्षी परत रंग देतो." दुसऱ्या दिवशी क्लबातले चार जण आपापल्या होड्यांची पॉलिशची फडकी टाकून आले. तोमाबेचीच्या बायकोनं पातेलंभर मिसो सूप पाठवलं, सोबत निरोप, की माझ्या नवऱ्याला उपाशी ठेवा पण बाईंना द्या.

फटी मोकळ्या झाल्या. त्यांत सुताच्या मऊ वाती ठोकल्या, वर मऊ लांबी भरली. लाकूड फुगावं म्हणून आत समुद्राच्या पाण्यात भिजवलेली पोती पसरली. क्रेनच्या आदल्या संध्याकाळी संपलं काम, पण पोत्यांना पाहिजे तेवढा वेळ मिळालाच नव्हता.

क्रेनच्या दिवशी हामानासु सगळ्यांत शेवटी. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, साके म्हणजे तांदळाची दारू ओतली, मूठभर मीठ टाकलं, आणि क्रेनच्या पट्ट्यांत बसलेली होडी खाली गेली. किनुएसान आतच. पाणी चारी बाजूंनी घुसलं. बघता बघता तिच्या गुडघ्याला लागलं.

"वर घेतो!" क्रेनवाला नुमाता ओरडला.

"हात लावू नकोस! पट्टे तसेच राहू देत. पाणी पिऊन फुगू दे तिला."

आणि बसली की उपसत. डाव्या हातानं बादली, एप्रिलचं बर्फासारखं पाणी. मध्येच नोरीच्या शेवाळपानात गुंडाळलेला भाताचा गोळा खाल्ला, परत बादली. तोमाबेची उडी मारून आत गेला आणि समोर बसून उपसायला लागला. धक्क्यावरचेही कोणी घरी गेले नाहीत.

ऊन कलायला लागलं. नुमाता खिडकीतून डोकावला. "आजी, मला अंधाराच्या आत योइचीला पोचायचंय हो!"

"आजी कोणाला म्हणतोस रे? तुझ्या आजीला येतं का हे?"

सगळे हसले, नुमाताही. त्यानं इंजिन बंद केलं आणि सिगारेट पेटवली.

बादल्यांमधलं अंतर वाढत गेलं. पाणी पोटरीवर आलं, मग घोट्याखाली. किनुएसाननं बाही वर करून एकेक फट चाचपली, नाळेपासून सुकाणूपर्यंत. हात लाल झाला होता. तोमाबेची बादली हातात धरून बघत होता.

"सोड पट्टे," ती म्हणाली.

पट्टे सुटले. होडी जराशी खाली बसली, डुलली आणि तरंगली. टाळ्या नाहीत की काही नाही. नुमातानं टोपी काढून डोक्यावर परत ठेवली, एवढंच.

जेट्टीवर चढताना तिनं माझा खांदा धरला आणि मागे वळून म्हणाली, "तोमा, आज आतच झोप. जाग येईल तेव्हा उपस. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी घरी जाणार नाही."

त्यानं लगेच बायकोला फोन लावला. उद्या दुकान बंद, म्हणाला. बढती मिळाल्यासारखा आवाज होता गड्याचा.